शाळा सोडताना

मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा घेतली. तिच्यातून पार पडलेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तीन वर्षांनी, १८६२ मध्ये, विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. झाले. त्यांतही हे दोघे होतेच, सोबत बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. महाराष्ट्राच्या प्रबोधनाची गोष्ट या नावांपासून सांगायची आपली रीत आहे आणि ती योग्यच आहे. पण त्या परीक्षेकडे मला थोड्या वेगळ्या बाजूने पाहावेसे वाटते. ती परीक्षा शाळेची नव्हती. मूल शाळेत काय शिकले, किती शहाणे झाले, याची विचारपूस तिच्यात नव्हती. आपल्या वर्गात बसायला कोण लायक आहे, एवढेच विद्यापीठ तिच्यातून पाहत होते. पुढे सरकारी कचेऱ्यांनीही माणसे घेताना तीच परीक्षा प्रमाण मानली आणि शाळेच्या शेवटी मॅट्रिक ही एकच मोजपट्टी उरली. शाळांनी आपले तास, पुस्तके आणि शिक्षकांच्या नेमणुकासुद्धा त्या मापाला बेतून घेतल्या. बाहेरच्या संस्थेने आपल्या सोयीसाठी लावलेली चाळणी शाळेने आपले ध्येय म्हणून स्वीकारली. दहावी-बारावीनंतरच्या तयारीबद्दल आज आपण जे काही बोलतो, त्याच्या मुळाशी हा स्वीकार आहे असे मला वाटते.

ही गोष्ट वेळीच ओळखणारा माणूस आपल्याकडे होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणाची हेळसांड आणि शेतकऱ्यांच्या पैशावर वरच्या वर्गाला मिळणारे उच्च शिक्षण, याबद्दलचा त्यांचा संताप सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात हायस्कुलांविषयीही काही वाक्ये आहेत, ती तितकीशी वाचली जात नाहीत. मॅट्रिकची परीक्षा शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे सगळे लक्ष खाऊन टाकते, अभ्यासक्रमात व्यवहाराचा अंशही नाही, पुढे स्वतंत्रपणे जगू पाहणाऱ्या मुलाला त्याचा आधार होत नाही, असा त्यांचा आशय आहे. या शाळांतून कारकून आणि मास्तर तेवढे तयार होतात, हेही ते सांगतात. हे सांगणारे फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत होते आणि मांजरीला शेती करत होते. विद्या नको असे ते कधीच म्हणाले नाहीत, विद्येसाठी तर त्यांनी घरदार सोडले होते. विद्या घेतलेल्या माणसाचे हात आणि हिंमत शाबूत राहावी, एवढी त्यांची मागणी होती.

आयोगाने हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचवल्या. एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार-उदीम आणि इतर व्यवहारांसाठी तयार करणारी. दुसऱ्या वाटेवर कधी वर्दळ झाली नाही. कारण उघड होते: पहिल्या वाटेच्या टोकाला पदवी होती आणि कचेरीतली नोकरीही होती, दुसरीच्या टोकाला काय आहे ते कोणीच सांगत नव्हते. पालकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या मुलाला त्यांनी दिसणाऱ्या वाटेवर घातले.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला पुन्हा हात घातला तो कोठारी आयोगाने. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात खेड्यातल्या शिक्षणाचे प्रयोग त्यांनी जवळून केले होते. दहा अधिक दोन अधिक तीन हा आपल्या अंगवळणी पडलेला आकृतिबंध त्या अहवालातून आला. पण त्यातल्या मधल्या 'दोन'चा हेतू आपण जवळजवळ विसरलो आहोत. वीस वर्षांत, म्हणजे १९८६ पर्यंत, दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मी मुले व्यवसायशिक्षणात असावीत, अशी आयोगाची अपेक्षा होती. बहुतेकांसाठी ती दोन वर्षे कामाकडे नेणारी आणि आपल्यापुरती पूर्ण अशी असायला हवी होती. १९८६ साल उजाडले तेव्हा नव्या शैक्षणिक धोरणाने लक्ष्य खाली आणले: १९९० पर्यंत १० टक्के, १९९५ पर्यंत २५ टक्के. २०२० च्या धोरणात पुन्हा ५० टक्क्यांचा आकडा आला, मुदत २०२५. या वेळी अपेक्षा तेवढ्या मुलांना व्यवसायशिक्षणाचा निदान परिचय व्हावा, इतकीच होती. याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला एक अंदाज दिला आहे. १९ ते २४ वयोगटातल्या काम करणाऱ्या भारतीयांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहूनही कमी. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६.

हे आकडे पाहून निधी, यंत्रसामग्री, प्रशिक्षक यांच्या टंचाईकडे बोट दाखवता येते आणि ती टंचाई खरीच आहे. माझ्या मते मूळ दुखणे मात्र दुसरे आहे. व्यवसायशिक्षणाची भलामण करणाऱ्या प्रत्येक पिढीने ते दुसऱ्याच्या मुलांसाठी सुचवले. काही वर्षांपूर्वी राज्य मंडळाने दहावीच्या गुणपत्रिकेवरचा 'अनुत्तीर्ण' हा शेरा काढून टाकला. फार चांगले झाले. पंधरा वर्षांच्या पोराच्या कपाळावर असा शिक्का मारण्याचा कोणालाच अधिकार नाही. पण त्या जागी जो शेरा आला तो 'कौशल्य विकासास पात्र' असा. मंडळाचा हेतू दयेचा होता, हे मी मनापासून मानतो. तरी त्या कागदातून गावाला काय समजले? गणितात आणि इंग्रजीत जो बुडाला त्याने हाताचे काम शिकावे. वेल्डिंग, वायरिंग, शेतीची यंत्रे, रुग्णसेवा ही सगळी कामे एका ओळीत नापासांच्या वाट्याला गेली. मग ९० टक्क्यांच्या मुलीला पंप दुरुस्त करायला आवडत असेल तर तिने घरी ते तोंडातून कसे काढावे?

महाराष्ट्रात १९७५ साली नव्या दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली. अकरावी-बारावीचे वर्ग आपण पुष्कळ ठिकाणी महाविद्यालयांना जोडले आणि त्यांना ज्युनिअर कॉलेज म्हणू लागलो. कामाकडे वळण्याचा जो टप्पा व्हायचा होता, त्याला जन्मतःच कॉलेजचा पत्ता मिळाला. तरीही कितीतरी वर्षे अकरावीला एक मोकळीक होती. मुले तिला आरामाचे वर्ष म्हणत. वडीलधाऱ्यांना ते खटकायचे, पण त्या वर्षाने पुष्कळ मुलांना घडवले आहे. ग्रंथालयाचे कार्ड पहिल्यांदा हातात यायचे, एकांकिकांच्या तालमी व्हायच्या, एनएसएसच्या शिबिरात रस्ता खणताना दुसऱ्या थरातल्या मुलांशी पहिली मैत्री जमायची. आपण कोण आहोत हे चाचपण्याची ती जागा होती. आता ती उरलेली नाही. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी मूल नावापुरते एका कनिष्ठ महाविद्यालयात असते आणि सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये बसते. 'इंटिग्रेटेड' या नावाने ही व्यवस्था इतकी फोफावली की २०१८ मध्ये सरकारला मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने, सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासने प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आठवीपासूनचे 'फाउंडेशन'चे वर्ग मात्र आपल्या जिल्ह्याच्या गावांतही भरतात. त्यातली मुले हुशार आहेत, कष्टाळू आहेत, त्यांचे आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात. म्हणूनच मला त्यांची काळजी वाटते. पाच वर्षे एकाच परीक्षेसाठी जगलेले मूल ती परीक्षा हुकली की स्वतःला संपूर्ण हुकलेले समजते.

विनोबांच्या 'मधुकर'मध्ये 'जीवन आणि शिक्षण' नावाचा छोटासा निबंध आहे. आयुष्याचे दोन तुकडे करायचे, पहिल्यात जगण्याशी संबंध न ठेवता शिकायचे आणि दुसऱ्यात शिकणे गुंडाळून ठेवून जगायचे, या रिवाजावर त्यांनी त्यात आपल्या खास पद्धतीने बोट ठेवले आहे. काल संध्याकाळपर्यंत ज्याच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती त्याने आज सकाळी सगळी जबाबदारी पेलावी, अशी ही अपेक्षा आहे. विनोबा तिला हनुमान उडी म्हणतात. आणि मग ते गीतेकडे वळतात. अर्जुनाचा गीतेचा वर्ग आधी घेतला आणि मग त्याला रणात लोटले, असे श्रीकृष्णाने केले नाही. प्रश्न कुरुक्षेत्रावर उभा राहिला, उत्तर तिथेच दिले गेले. योगायोग असा की बाबासाहेब आंबेडकर ज्यांच्या हाताखाली कोलंबिया विद्यापीठात शिकले त्या जॉन ड्यूई यांनीही १९१६ च्या आपल्या ग्रंथात याच विचाराची चिकित्सा केली आहे. शिक्षण म्हणजे पुढच्या आयुष्याची तयारी असे एकदा मानले की समोरचा दिवस निस्तेज होतो. भविष्य लांब असते, त्याची ओढ मुलाला जाणवत नाही, मग ती ओढ बाहेरून धाकाने किंवा आमिषाने आणावी लागते. वर्ध्याच्या आश्रमातला माणूस आणि न्यूयॉर्कचा तत्त्वज्ञ दोन टोकांनी चालत एकाच जागी येऊन पोहोचले, याचे मला नेहमी नवल वाटते.

मला जे म्हणायचे आहे ते या दोघांच्या आधारानेच म्हणता येईल. आपण मुलांना प्रवेशासाठी तयार करतो, निर्णयासाठी करत नाही. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायचे असतात. २०२५ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली आहे. तो अर्ज भरणाऱ्या मुलाने त्याआधी आयुष्यात काय काय निवडलेले असते? शाळा आईवडिलांनी निवडलेली, विषय मंडळाने, क्लास शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने, वहीचे कव्हर शाळेने. खर्चाचा हिशोब त्याने कधी ठेवलेला नसतो. एखादे काम अंगावर घेऊन ते बिघडवलेले आणि मग निस्तरलेलेही नसते. निवड हीसुद्धा सवयीने येणारी गोष्ट आहे. चूक स्वस्तात पडते त्या वयात ती सवय लागली नाही, तर पुढे पाच लाखांच्या फीवर ती लावून घ्यावी लागते.

राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या सगळ्या मुलांची कलचाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य, अगदी गणवेशधारी सेवांपर्यंत क्षेत्रे तिच्यात होती. प्रयत्न मोलाचा होता आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर तो करणे सोपे नव्हते. पण कल कळायला आधी ती वस्तू पाहावी लागते. ज्याने लेथ चालताना पाहिलेला नाही, रोपवाटिकेत कलम बांधलेले नाही, आजाऱ्याची उशापायथ्याची सेवा केलेली नाही, त्याचा त्याकडे कल आहे की नाही हे तो कागदावर कशाच्या जोरावर सांगणार? ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी नव्वदच्या दशकात 'वेध' परिषद सुरू केली, तिचे मोठेपण मला इथे दिसते. वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसे मुलांसमोर बसतात, त्यांच्याशी गप्पा होतात, त्यांचे अडखळणे आणि सावरणे मुलांना ऐकायला मिळते. ऐकणे ही सुरुवात झाली. त्याच्या पुढची पायरी हाताने करून पाहण्याची.

ती पायरी कशी असू शकते हे पाहायचे तर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळला जावे. हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये या दुष्काळी गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी झालेल्या मुलालाही तिथल्या एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. शाळा सुटलेली, शाळेने सोडलेली अशी कितीतरी मुले तिथे येत राहिली. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य अशी कामाची चार अंगे. मुले फेरोसिमेंटची टाकी बांधतात, प्लेन टेबलने जमिनीचा नकाशा काढतात, रक्तातले हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. कलबागांचा एक आग्रह मला फार मोलाचा वाटतो. मुलांनी करायची कामे गावाच्या खऱ्या गरजेची असावीत आणि गावाने त्यांचे पैसे मोजावेत. पैसे देणारा माणूस टाकी गळली तर परत येतो. गुणपत्रिका परत येत नाही.

हाच विचार पुढे 'मूलभूत तंत्रज्ञान' या विषयाच्या रूपाने काही माध्यमिक शाळांत गेला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस कार्यशाळेत आणि शेतात घालवतात. त्या वर्गातल्या मुलाची वही पाहिली तर लोखंडी स्टुलाचे चित्र दिसते, खाली मापे आणि त्याखाली हिशोब. अँगलचे वजन किती, किलोचा भाव काय, वेल्डिंगच्या कांड्या किती गेल्या, वीज, रंग, मजुरी. शेवटी एक आकडा येतो आणि बाजारातल्या स्टुलापेक्षा तो जास्त का आला याची चर्चा होते. कांड्या वाया गेल्या, कट चुकला, भाव न विचारताच माल आणला. टक्केवारी, घनफळ, भूमिती सगळे त्या पानावर आहे, आणि शिवाय एक गोष्ट जास्तीची आहे: आपण घेतलेल्या निर्णयाची किंमत आपल्यालाच मोजावी लागते, हे त्या मुलाला चौदाव्या वर्षी कळलेले आहे. असे मूल पुढे संस्कृत घेवो, वैद्यकीला जावो की ट्रॅक्टरचे गॅरेज टाको. त्याची तयारी झालेली असते.

आयटीआयबद्दल इथे बोलायलाच हवे. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. जवळजवळ प्रत्येक तालुक्याला एक. फिटरच्या वर्गातले सुरुवातीचे दिवस मी पाहिले आहेत. मुलाला लोखंडाचा एक चपटा तुकडा देतात आणि कानस देतात. कानशीने घासून त्याच्या कडा काटकोनात आणायच्या. थोडे घासले की गुण्या लावायचा आणि तुकडा उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. हात भरून येतात, तळव्याला फोड येतात. निदेशक काही बोलत नाहीत, नुसते उजेडाकडे बोट दाखवतात. उजेडाशी हुज्जत घालता येत नाही, त्याच्याकडे कृपागुण मागता येत नाहीत. चांगले शिक्षण माणसात जी सचोटी उतरवू पाहते ती मला या घासण्यात दिसली. विद्यापीठातला उत्तम संशोधकही आयुष्यभर हेच करत असतो.

या वाटेला पुढे जिने आहेत, पण ते कोणी दाखवत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. डिप्लोमा झालेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. म्हणजे सोळाव्या वर्षी कानस हातात घेतलेली मुलगी मनात आणले तर इंजिनिअर होऊ शकते, आणि यंत्राची नस तिला वर्गमित्रांहून आधी कळलेली असते. हे तिला सांगणार कोण? शाळेतले शिक्षक स्वतः दहावी, बारावी, पदवी, बी.एड. या एकाच रस्त्याने आलेले. तो रस्ता ते डोळे मिटून सांगू शकतात. बाकीच्यांबद्दल त्यांना कोणी शिकवलेले नाही, यात त्यांचा दोष नाही. मात्र शाळेच्या दर्शनी भिंतीवर जो गुणवंतांचा फलक लावलेला असतो त्यावर टक्क्यांखेरीज दुसरे काही नसते, आणि तो बदलणे त्यांच्या हातात आहे.

आणखी एक तयारी आहे, तिच्याबद्दल शिक्षणावरच्या लेखांत सहसा चकार शब्द नसतो: कागदांची. जून महिन्यात कुठल्याही तालुक्याच्या महा ई-सेवा केंद्रासमोर उभे राहून पाहावे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर, जातीचा दाखला आणि या सगळ्यांवर कडी करणारे जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेसाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. बापाने किंवा आजोबाने ज्या प्राथमिक शाळेत नाव घातले होते तिथल्या रजिस्टरचा उतारा काढायचा, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करायचे. ज्याचा आजोबा पालावर राहिला, शाळेची पायरी कधी चढलाच नाही, त्याच्या नातवाकडे उतारा नसतो. मग जात पडताळणी समितीचे दक्षता पथक, गृहचौकशी, तारखा. मुलाला सीईटीत चांगले गुण आहेत, महाविद्यालय लागले आहे, आणि तो एका कागदासाठी तहसीलच्या व्हरांड्यात बसला आहे, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. शेजारी बाप, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद. बापाची त्या दिवसाची मजुरी बुडालेली.

हे नववीत का सुरू होऊ नये? वैधतेचा अर्ज नंतर करायचा असला तरी पुरावे गोळा करायला तोवर कोणी अडवलेले नाही. मला तर हा इतिहासाचाच पाठ वाटतो. आपली वंशावळ काढा, आजोबा कोणत्या गावाहून कोणत्या गावी आले ते विचारा, त्यांच्या शाळेतला उतारा शोधा, त्यावरची तारीख आणि नाव ताडून पाहा. कागद वाचायला शिकलेले मूल पुढे बँकेचा कर्जाचा करार वाचेल, वसतिगृहाचे नियम वाचेल, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरेल आणि शेजारच्या घरातल्या मुलीलाही भरून देईल.

मुलींच्या बाबतीत हिशोब आणखी वेगळा आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक मागास, ओबीसी आणि मराठा समाजातल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. दोन्ही निर्णय मोठे आहेत, त्यांनी कितीतरी घरांची गणिते बदलली. पण बारावी संपते त्या वर्षीच मुलगी अठरा पूर्ण करते, पास संपतो आणि स्थळे यायला लागतात. फी माफ असली तरी जिल्ह्याच्या गावी राहायची सोय, रोजचा प्रवास, 'एकटी कशी राहील' हा आजीचा प्रश्न, यांना माफी नाही. तिची तयारी म्हणजे तिच्या आईशी आणि आजीशी बोलणे, आणि ते बारावीच्या निकालानंतर करून उपयोग नसतो. ज्या शाळांत बाई पालकांच्या घरी जाऊन चहा घेतात, माजी विद्यार्थिनीला सोबत नेऊन वसतिगृह कसे असते हे तिच्या तोंडून आईला ऐकवतात, तिथल्या मुली पुढे जाताना मी पाहिल्या आहेत.

आणि पोहोचल्यावर? पहिल्या पिढीतून कॉलेजात गेलेल्या मुलाला अभ्यास जड जातो त्याआधी भोवतालचे वागणे जड जाते. प्राध्यापकांना शंका विचारायला केबिनपर्यंत जायचे असते हे त्याला माहीत नसते. शाळेत शंका विचारणे म्हणजे आगाऊपणा होता. मेसचे पैसे महिनाभर पुरवायचे कसे, इंग्रजीतले व्याख्यान कळले नाही तर कोणाला सांगायचे, कार्यालयाच्या खिडकीतून 'उद्या या' असे उत्तर आले तर पुढे काय करायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. ज्या घरांत दोन पिढ्या शिकलेल्या आहेत तिथे हे जेवताना कानांवर पडते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभी केली आणि तिच्या वसतिगृहांत मुलांच्या हातात कुदळ, जात्याचा खुंटा आणि हिशोबाची वही दिली, तेव्हा त्यांनी ही जेवणाची पंगतच शाळेत आणली होती. 'कमवा आणि शिका' ही गरिबाची सोय होती हे खरे. त्याहून अधिक, ती माणसाला उभे राहायला शिकवण्याची रीत होती. त्या वसतिगृहांतून निघालेली माणसे पुढे कुठेही गेली तरी बुजली नाहीत.

प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. मूल कधी आले, जन्मतारीख, जात, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'एस.एस.सी. उत्तीर्ण' एवढेच लिहिलेले असते. साठ वर्षांनी नातवाच्या वैधतेला हेच रजिस्टर उपयोगी पडते, इतके ते टिकाऊ आणि भरवशाचे. मला वाटते, त्याच्याजवळ आणखी एक वही असावी. शाळा सोडून एक वर्ष झाले की मुलाला फोन, तीन वर्षे झाली की पुन्हा फोन. कुठे आहेस, काय करतोस, इथून गेल्यावर काय अडले, आम्ही काय शिकवायला हवे होते? चार प्रश्न. नापास झालेल्यांनाही तेच चार, लग्न झालेल्या मुलींनाही तेच, सुरतेला किंवा पुण्याच्या एमआयडीसीत कामाला गेलेल्यांनाही तेच. साठ मुलांचा वर्ग असेल तर दोन शिक्षकांना चार शनिवार पुरतात. दरवर्षी जूनमध्ये शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत ती वही वाचावी आणि दहावीचे वेळापत्रक त्यानंतर आखावे.